खरेदीला निघण्याआधी घर मोजा

दसरा-दिवाळी जवळ आली की मला फोन सुरू होतात. उपकरणांची हौस असलेला माणूस म्हणून नात्यात आणि सोसायटीत माझी ओळख आहे, त्यामुळे प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : "कुठला घेऊ?" पंखा कुठला, टीव्ही कुठला, फिल्टर कुठला. कंपनीचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी मीच चार गोष्टी विचारतो. नळाला पाणी कुठून येतं? सोफ्यापासून समोरची भिंत किती फुटांवर आहे? पंखा दिवसाला किती तास फिरतो? वरच्या मजल्यावर राहता की मधल्या? यांची उत्तरं मिळाली की निम्मी निवड आपोआप होते आणि बऱ्याचदा बरेच पैसेही वाचतात.

माझं मत असं, की कुठलीही वस्तू मुळात चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही. ती तुमच्या घरातल्या पाण्याला, विजेला, भिंतीला आणि सवयींना जुळते की नाही, एवढंच ठरवता येतं. म्हणून दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ घराला द्या. मोजपट्टी घ्या, गेल्या वर्षभराची लाइट बिलं काढा आणि जमलं तर दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर मागवा. एवढ्या सामानावर पुढचं सगळं ठरवता येतं.

पंख्यापासून सुरुवात करतो, कारण घरात सर्वांत जास्त तास चालणारं आणि सर्वांत कमी विचार करून घेतलं जाणारं उपकरण तेच. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॉट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॉटमध्ये देतो. फरक ४५ वॉटचा धरा. हॉलमधला पंखा रोज १२ तास फिरत असेल, तर दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त बचत होते. वर्षातले ३०० दिवस धरले तर १६२ युनिट. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे १,२९६ रुपये. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक साधारण तेवढाच असतो, तेव्हा वर्ष-दीड वर्षात तो वसूल होतो आणि पुढे निव्वळ फायदा. पण स्वयंपाकघरातला किंवा पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला दोनच तास लागत असेल, तर हेच गणित सहा-सात वर्षांवर जातं. तिथला जुना पंखा बदलू नका. सगळ्या घराचे पंखे एकदम बदला असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब करून दाखवा.

जुना पंखा हळू फिरतोय म्हणून टाकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी कपॅसिटर बदलून पाहा. पंख्याच्या वरच्या वाटीत किंवा कपात एक छोटी डबी असते, तिच्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड असं लिहिलेलं असतं. काही वर्षांनी तिची क्षमता उतरते आणि पंखा रेंगाळायला लागतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती अगदी थोडक्या पैशात मिळते. मेन स्विच बंद करून वायरमनकडून ती बदलून घ्या. तो पंखा पुन्हा पूर्वीसारखा फिरायला लागला, तर एक खरेदी टळली.

बीएलडीसी घेणारच असाल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, त्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून सरळ जोडणी करावी लागते. रेग्युलेटर तसाच ठेवला तर आतल्या सर्किटवर परिणाम होतो. दुसरं, या पंख्याचं सर्किट बिघडलं तर गल्लीतला वाइंडिंगवाला ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून तुमच्या गावात ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, तीच कंपनी घ्या, मग दुसऱ्या कंपनीचा रिमोट कितीही देखणा असो. छताच्या पंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. त्यावर वॉटचा आकडा वाचाच, पण पंखा मिनिटाला किती हवा फेकतो तेही वाचा. कमी वॉट घेणारा पण वाराच न देणारा पंखा काय कामाचा?

एसीचं लेबल मात्र नीट उलगडून सांगायला हवं, कारण तिथे पाच तारे म्हणजे हमखास बचत असा समज घट्ट बसलेला आहे. एसीवर वर्षाला किती युनिट लागतील याचा जो आकडा छापलेला असतो, तो वर्षाकाठी १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आता तुमचा वापर मोजा. नाशकात किंवा पुण्यात एप्रिल-मे असे दोन महिने, रात्री आठ तास एसी लावणाऱ्याचा वापर ४८० तासांच्या आसपास होतो, म्हणजे लेबलावरच्या तासांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. पाच तारे आणि तीन तारे यांच्या युनिटमधला फरक मग त्याच प्रमाणात घटतो आणि वरचे मोजलेले पैसे वसूल व्हायला कितीतरी वर्षं लागतात. अशा घराला तीन ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी पुरेसा आहे, असं मी बेधडक सांगतो. नागपूर-चंद्रपूरकडे किंवा दिवसाही एसी लागणाऱ्या घरात मात्र पाच तारेच घ्या. आणखी एक : ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे आणि नव्या लेबलावरचे पाच तारे सारखे नसतात. लेबलाची मुदत पाहा आणि तारे मोजण्याऐवजी 'आयसीर' (ISEER) हा कार्यक्षमतेचा आकडा ताडून पाहा. टनाचं ढोबळ गणित असं : १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला एक टन, १८० पर्यंत दीड टन. डोक्यावर तापलेली गच्ची असेल तर एक पायरी वर चढा. कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी बाहेरच्या युनिटच्या कॉइलला गंजरोधक लेप आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खारी हवा पत्र्याला आणि कॉइलला सोडत नाही.

आता पाण्याकडे येऊ. या विषयावर मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं, कारण गरज नसताना सर्वांत जास्त विकली जाणारी वस्तू माझ्या मते आरओ फिल्टर आहे.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह आहेत. दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालतं. भातसा, वैतरणा या तलावांतून येणारं मुंबईचं पाणी किंवा खडकवासल्याचं पुण्याचं पाणी ग्लासात घेऊन मीटर बुडवला, तर आकडा बहुतेक वेळा दीडशेच्या आतच राहतो. अशा मऊ पाण्याला आरओ लावायचं म्हणजे जे मुळात नाही ते काढण्यासाठी यंत्र बसवायचं. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर सोडून देतो. पालिकेचं पाणी तासा-दोन तासांपुरतं येणाऱ्या वस्त्यांत हे मनाला पटत नाही. अशा ठिकाणी जंतूंची काळजी घ्यायची असते आणि त्यासाठी यूव्ही किंवा यूएफ फिल्टर, नाहीतर खळखळून उकळलेलं पाणी पुरतं.

पण हाच सल्ला मी अकोल्याच्या माणसाला देणार नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाण पट्टा, किंवा बोअरवर चालणाऱ्या शहराबाहेरच्या नव्या सोसायट्या, इथे मीटर पाचशे-हजाराच्या पुढे सहज जातो. तिथे आरओ हवाच. तो घेताना यंत्राच्या किमतीइतकीच मेम्ब्रेन आणि फिल्टर संचाची किंमत विचारा. ते किती महिन्यांनी बदलावे लागतात आणि वर्षाच्या करारात काय येतं, काय येत नाही, हेही विचारा. पाच वर्षांचा मिळून खर्च कागदावर मांडला की स्वस्त यंत्र महाग ठरल्याचं दिसतं. बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा.

मीटर वापरताना त्याची मर्यादा लक्षात ठेवा. त्याला जंतू दिसत नाहीत आणि फ्लोराइडही दिसत नाही. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातल्या फ्लोराइडचा त्रास जुना आहे आणि तो चवीवरून किंवा टीडीएसवरून ओळखता येत नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. फिल्टर विकायला येणारा माणूस दारात दोन तारा पाण्यात सोडून पाणी काळंपिवळं करून दाखवतो, त्यावर विसंबून काहीही घेऊ नये. त्या प्रयोगात पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि तारांचं लोखंडच विरघळून रंग चढतो. आरओच्या मऊ पाण्यात वीज फारशी वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. यावरून पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे कळत नाही.

कठीण पाण्याचा हिशेब वॉशिंग मशीन आणि गीझरलाही लागतो, पण तिथे आणखी एक गोष्ट मोजायची असते : पाण्याचा दाब. फ्रंट लोड मशीन कपडे छान धुतं, पाणी कमी घेतं, मला स्वतःला तेच आवडतं. पण त्याला किती दाब लागतो हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. ०.३ बार लिहिलं असेल तर टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट उंच हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी थेट डोक्यावर असलेल्या फ्लॅटमध्ये तेवढी उंची मिळत नाही आणि मशीन पाण्याची वाट पाहत थांबून राहतं. तिथे दाब वाढवणारा पंप बसवा, नाहीतर टॉप लोड घ्या. ज्या घरात पाणी भरून ठेवावं लागतं, त्यांनी सेमी ऑटोमॅटिक घ्यायला अजिबात संकोचू नये. बादलीने पाणी ओतून चालणारं आणि गावातला मेकॅनिकही दुरुस्त करू शकणारं ते एक भरवशाचं यंत्र आहे.

मिक्सरबद्दल सांगायचं तर आधी तो उलटा करा. बुडाच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात आणि किती मिनिटं चालवून किती मिनिटं विश्रांती द्यायची, तेही बऱ्याच मिक्सरवर असतं. वाटणं, चटण्या एवढंच काम असेल तर ५०० वॉट पुरतात. इडली-डोशाचं पीठ नेहमी होत असेल, खोबरं-मसाले जास्त दळले जात असतील तर ७५० घ्या. वॉट म्हणजे मोटर किती वीज घेते तो आकडा. वाटण किती बारीक होईल हे पात्यांवर आणि भांड्याच्या आकारावर ठरतं. म्हणून दुकानात भांडं हातात घ्या, झाकण लावून पाहा, पातं हाताने फिरवून डुगडुगतं का ते पाहा. मध्येच मिक्सर बंद पडला तर घाबरू नका. खाली लाल बटण असतं, ते जास्त भार आल्यावर मोटर वाचवायला उडतं. प्लग काढा, भांड्यातलं थोडं कमी करा, पाच-दहा मिनिटांनी बटण दाबा. भांड्याच्या बुडाशी काळं पाणी झिरपायला लागलं तर बुश झिजलं आहे. मोटरशी त्याचा संबंध नाही आणि भांड्याचा तेवढाच भाग बदलून मिळतो. वर भांडं जिथे बसतं ते दातेरी कपलरही झिजणारंच असतं. हे दोन सुटे भाग तुमच्या बाजारपेठेत मिळतात का, हे विचारूनच कंपनी ठरवा.

प्लगचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची सूचना देतो. इंडक्शन शेगडी २,००० वॉटची असते, म्हणजे सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. कन्व्हर्टर लावून मोठा पिन लहान सॉकेटात घालणं ताबडतोब बंद करा. शेगडी, गीझर, इस्त्री, ओव्हन यांना १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर पाहिजे. लाइट बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो, तो नवा एसी किंवा गीझर घेण्याआधी वाचा. आणि ज्या घरात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही, त्या घराने पुढची खरेदी पुढे ढकलून आधी तो बसवावा. ओल्या हाताने गीझरचं बटण लावणाऱ्या माणसाचा जीव त्याने वाचतो.

वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टरही लागतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. नुकसान आणि बॅटरीचं आयुष्य सांभाळून हाती साधारण ११०० धरा. दोन जुने पंखे, चार एलईडी आणि वाय-फायचा राउटर मिळून २०० वॉटच्या आसपास होतात, म्हणजे साडेपाच तास. हेच पंखे बीएलडीसी असले तर एकूण ११० वॉटच्या आत बसतं आणि तीच बॅटरी दहा तास पुरते. तेव्हा मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. डिस्टिल्ड पाणी वेळेवर भरा आणि बॅटरी बंद खोलीत, बिछान्याजवळ ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो.

टीव्हीच्या दुकानात एका रांगेत लावलेले पडदे सगळेच भुरळ घालतात. ते मुद्दाम भडक रंगांच्या मोडवर लावलेले असतात, वर झगझगीत दिव्यांखाली. घरी तेवढा उजेड नसतो. म्हणून आधी मोजपट्टी. तुम्ही बसता तिथून पडद्यापर्यंतचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीड ते दोन पट असावं. ४३ इंची टीव्हीला साडेपाच ते सात फूट, ५५ इंचीला सात ते नऊ फूट. त्याहून लांब बसलात तर फोरकेचे बारकावे डोळ्यांना दिसत नाहीत. घरात प्रामुख्याने साध्या केबलवरच्या मालिका आणि बातम्या लागत असतील तर एक आकार लहानच घ्या, कारण कमी दर्जाचं चित्र मोठ्या पडद्यावर जास्त फुटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलावर तो १८ टक्केच लागला आहे ना, हे पाहा.

टीव्ही घरी आला की त्याच रात्री दोन बदल करा. सेटिंगमध्ये चित्राचा मोड 'व्हिव्हिड' असेल तर तो 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' वर न्या. सुरुवातीला चित्र पिवळसर वाटेल. दोन दिवस तसंच राहू द्या. माणसांच्या चेहऱ्यांचा खरा रंग, साडीची वीण, रात्रीच्या प्रसंगातली सावली दिसायला लागते. मग 'मोशन' नावाची सोय शोधून ती बंद करा किंवा अगदी कमी करा. ती दोन चित्रांच्या मधलं खोटं चित्र तयार करून घालते, त्यामुळे सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. दिग्दर्शकाने आणि छायालेखकाने मेहनतीने जे घडवलं ते असं पुसलं जाताना पाहवत नाही. क्रिकेटला हवी असेल तर तेवढ्यापुरती चालू करा.

टीव्हीतल्या ॲपच्या यादीसाठी जादा पैसे मोजू नका. तीन-चार वर्षांत आतला प्रोसेसर मंदावतो, ॲप जुनी होतात. तेव्हा छोटी स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं. पैसे पॅनलला द्या आणि उरले तर आवाजाला. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद पुसट येतात आणि घरातली वडीलधारी मंडळी आवाज वाढवत राहतात. नाटकाचं चित्रीकरण किंवा जुना मराठी सिनेमा पाहताना हे फार जाणवतं. एचडीएमआय एआरसीच्या खोबणीत जोडला जाणारा साधा साउंडबार त्यावर पुरेसा इलाज आहे. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पाच स्पीकरांचा पसारा मांडू नका. दोन चांगले स्पीकर जास्त सुख देतात, विशेषतः शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला. तानपुऱ्याची जवार स्वस्त सबवूफरच्या ढणढणाटात हरवते.

मोबाइलबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विसरा, किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार ते विचारा आणि बॅटरी बदलायला अधिकृत केंद्रात किती पैसे पडतात ते विचारा. घरातल्या आजी-आजोबांसाठी घेत असाल तर दुकानातच मराठी कीबोर्ड लावून बोलून टाइप करण्याची सोय दाखवा. महागड्या फोनपेक्षा त्या एका सोयीने त्यांचा दिवस जास्त सोपा होतो.

पैसे देताना छापील बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि सगळ्याचा फोटो काढून ठेवा. वाढीव वॉरंटी घेण्याआधी तिच्यात सर्किट आणि पॅनल येतं का, हे वाचा. येत नसेल तर ती घेऊ नका. माल खराब निघाला आणि दुकानदार-कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि आपली बाजू स्वतः मांडता येते.